‘स्टेरॉइड घेणारच’ म्हणणाऱ्याला काय सांगावे?

“मी स्टेरॉइड घेणार आहे. घेऊ नको, हे सांगण्याच्या भानगडीत पडू नका. ते मी पुष्कळ ऐकले आहे. घ्यायचे कसे, तेवढे सांगा.” ज्यांनी स्वतः ही औषधे वापरली आहेत किंवा जे वर्षानुवर्षे शरीरसौष्ठवाच्या वर्तुळात वावरत आहेत, त्यांना हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि हल्ली तो इंटरनेटवर जमलेल्या अनोळखी माणसांच्या समूहांना अधिक विचारला जातो. उत्तर देणाऱ्यांचे सहसा दोन तट पडतात. अशा माणसाला एक अक्षरही सांगू नये, कारण सांगणे म्हणजे हातभार लावणे, असे एकांचे म्हणणे असते. तो घेणारच आहे, तर आंधळेपणाने घेण्यापेक्षा समजून-उमजून घेतलेले बरे, असे दुसऱ्यांचे. दोघेही ‘सल्ला’ म्हणजे एकच एक वस्तू असल्यासारखे बोलतात, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो. सुई कशी हाताळावी हे सांगणे आणि किती मिलिग्रॅम टोचावे हे सांगणे, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडून येत असल्या तरी त्यांच्यामागचे ज्ञान एका प्रतीचे नसते.

आधी शब्दाविषयी. दम्यासाठी, सांध्यांच्या सुजेसाठी किंवा त्वचेच्या विकारांसाठी डॉक्टर जी स्टेरॉइड देतात, ती कॉर्टिकोस्टेरॉइड या वर्गातली असतात. त्यांचा येथे संबंध नाही. ती दीर्घकाळ घेतल्यास स्नायू उलट झिजतात. या लेखातील स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या रेणूत फेरफार करून तयार केलेली त्याची भावंडे. त्यांना ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणतात. टेस्टोस्टेरॉन १९३५ साली शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झाले. लैंगिक संप्रेरकांवरील आणि संबंधित संशोधनासाठी ॲडॉल्फ बुटेनांट आणि लेओपोल्ड रुझिका यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांचे वृषण पुरेसे टेस्टोस्टेरॉन तयार करत नाहीत अशा पुरुषांसाठी ते आजही रीतसर औषध आहे. प्रश्न उभा राहतो तो निरोगी माणूस शरीराच्या गरजेच्या कित्येक पट मात्रा घेऊ लागतो तेव्हा.

शरीर टेस्टोस्टेरॉनची पातळी कशी सांभाळते, हे पाण्याच्या टाकीतील तरंगत्या गोळ्यावरून लक्षात येते. पाणी वर चढले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि त्याखालील पिट्युटरी ग्रंथी हे काम करतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे असे दिसले की त्या वृषणांना पाठवायचे संदेश थांबवतात. बाहेरून टोचलेले औषध आणि स्वतःचे संप्रेरक यांतला फरक त्यांना कळत नाही. नळ बंद होतो, वृषण आक्रसतात आणि शुक्राणूंची निर्मिती थंडावते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने एका अभ्यासात टेस्टोस्टेरॉनचे साप्ताहिक इंजेक्शन पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिले होते, आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातील निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू मुळीच उरले नव्हते. तेथील मात्रा आठवड्याला २०० मिलिग्रॅम होती. अनेक शरीरसौष्ठवपटूंच्या दृष्टीने ती किरकोळ ठरेल.

आता सल्ल्याच्या प्रश्नाची खरी मुळे जिथे आहेत त्या इतिहासाकडे यावे लागेल. वजन उचलण्याच्या खेळांतल्या माणसांना १९६० च्या दशकापासून ठाऊक होते की या औषधांनी ताकद वाढते. वैद्यकाने मात्र बराच काळ ते मान्य केले नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने १९७७ साली काढलेल्या निवेदनात, प्रचंड मात्रेने कामगिरी सुधारते असा निर्णायक पुरावा नाही, अशी भूमिका घेतली होती. आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या डोळ्यांनी दिसत होते ते खोटे आहे, असेच जणू त्याला सांगितले जात होते. संस्थेने १९८४ साली भूमिका बदलली. पुढे १९९६ साली शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या काटेकोर प्रयोगाने वाद संपवला. त्यात ४३ पुरुषांना दहा आठवडे एक तर टेस्टोस्टेरॉन किंवा निव्वळ दिखाऊ इंजेक्शन देण्यात आले आणि दोन्ही गटांतील निम्म्यांकडून व्यायाम करून घेतला गेला. औषध आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांचे चरबीविरहित वजन सुमारे ६ किलोने वाढले. पण बोलका आकडा वेगळाच होता : काहीही व्यायाम न करता केवळ औषध घेणाऱ्यांचे हे वजन सुमारे ३ किलोने वाढले, म्हणजे औषधाशिवाय घाम गाळणाऱ्यांपेक्षाही जास्त.

या विलंबाची किंमत मोठी होती. ज्यांनी परिणामाबद्दल चुकीचे सांगितले ते दुष्परिणामांबद्दल खरे कशावरून सांगत असतील, असा तर्क वापरणाऱ्यांनी केला, आणि तो अगदीच अतार्किक म्हणता येत नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, स्टेरॉइड वापरणाऱ्यांपैकी ५६ टक्के जणांनी आपण ती घेतो हे एकाही डॉक्टरला कधी सांगितले नव्हते, आणि ४० टक्के जणांचा औषध विकणाऱ्यावरचा विश्वास त्यांना भेटलेल्या कोणत्याही डॉक्टरवरच्या विश्वासाइतका किंवा त्याहून अधिक होता. म्हणजे आपण गप्प राहिलो तर हा माणूस अज्ञानात राहील आणि म्हणून थांबेल, ही पहिल्या तटाची समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. रिकामी जागा रिकामी राहत नाही. तिथे माल विकणारा येऊन बसतो, आणि त्याचा सल्ला फुकट असला तरी निःस्वार्थी नसतो.

धोक्याची गोष्ट करणाऱ्याला ती सोडायला लावता येत नसेल, तर निदान होणारे नुकसान कमी करावे, या विचाराला हानी-न्यूनीकरण म्हणतात. त्याची सुरुवात सरकारी कचेऱ्यांत झाली असे अनेकांना वाटते, पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९८४ साली वापरलेल्या सुया घेऊन नव्या सुया देण्याचा उपक्रम सुरू झाला, तो अमली पदार्थ टोचणाऱ्यांच्या स्वतःच्या संघटनेच्या पुढाकाराने. एका औषधविक्रेत्याने सुया विकणे बंद केल्यावर हिपॅटायटिस बी पसरेल, ही भीती त्यामागे होती. पुढे एचआयव्हीच्या साथीत हीच कल्पना अनेक देशांनी उचलली. ब्रिटनमध्ये अशा केंद्रांवर हेरॉइन टोचणाऱ्यांबरोबर स्टेरॉइड टोचणारेही मोठ्या संख्येने येऊ लागले, आणि तशी गरज होतीच. इंग्लंड आणि वेल्समधील ३९५ पुरुषांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शरीर कमावण्यासाठी औषधे टोचणाऱ्यांपैकी १.५ टक्के जणांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली, सुमारे ९ टक्के जणांत हिपॅटायटिस बीच्या आणि ५.५ टक्के जणांत हिपॅटायटिस सीच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. ‘आम्ही व्यसनी नाही, आम्ही आरोग्याची काळजी घेणारी माणसे’ असे म्हणणाऱ्यांचे हे आकडे आहेत.

येथपर्यंत दुसऱ्या तटाची बाजू भक्कम वाटते. निर्जंतुक सुई वापरा, ती कोणालाही देऊ नका, एकाच बाटलीत अनेकांनी सुया बुडवू नका, टोचलेली जागा लाल होऊन तापली आणि अंगात ताप भरला तर वाट न पाहता दवाखाना गाठा, हे सांगितल्याने कोणी नव्याने स्टेरॉइडकडे वळेल असे मला वाटत नाही, आणि न सांगितल्याने मात्र कोणाचा तरी दंड गळवाने सडू शकतो. पण अनुभवी वापरकर्ते एवढ्यावर थांबत नाहीत. ते मात्रा सांगतात, दोन-तीन औषधांची जोडणी सांगतात, किती आठवड्यांची ‘सायकल’, म्हणजे औषध घेण्याचा सलग काळ, करावी ते सांगतात. इथे माझे त्यांच्याशी पटत नाही.

त्याचे कारण असे की हेरॉइन आणि स्टेरॉइड यांचे धोके वेगळ्या गतीने चालतात. हेरॉइनची मात्रा चुकली तर श्वास काही मिनिटांत थांबतो. चूक काय झाली हे शेजारच्याला दिसते आणि त्यातून खरे अनुभवजन्य ज्ञान तयार होते. स्टेरॉइडचे काही दुष्परिणाम असेच दिसणारे आणि जाणवणारे आहेत. पाठीवर पुरळ येते, चिडचिड वाढते, टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलत असल्याने पुरुषांच्या स्तनांत गाठ धरते. याबाबतीत दहा वर्षे वापरलेल्या माणसाचे निरीक्षण एखाद्या तरुण डॉक्टरपेक्षाही बारीक असू शकते. पण सर्वांत गंभीर नुकसान जाणवतच नाही. हितकारक समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घसरते, घातक समजले जाणारे एलडीएल चढते, रक्तदाब वाढतो, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते, हृदयाची भिंत जाड होते. आणि एवढे सगळे घडत असताना माणूस आरशात पूर्वीपेक्षा अधिक निरोगी दिसत असतो.

या न जाणवणाऱ्या भागाविषयी काय ठाऊक आहे? बॉस्टनमधील संशोधकांनी २०१७ साली १४० वजन उचलणाऱ्या पुरुषांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांतील ८६ जणांनी दीर्घकाळ स्टेरॉइड वापरली होती. हृदयाच्या डाव्या जवनिकेत, म्हणजे डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती टक्के बाहेर ढकलले जाते, हे मोजल्यावर न घेणाऱ्यांत ते प्रमाण सरासरी ६३ टक्के, तर घेणाऱ्यांत ५२ टक्के भरले. ज्यांची औषधे त्या वेळी चालू होती त्यांच्यात ते ४९ टक्क्यांपर्यंत उतरले होते. हृदयाच्या धमन्यांत साचलेले चरबीचे थरही घेणाऱ्यांत अधिक होते, आणि जितकी वर्षे अधिक तितके थर अधिक. डेन्मार्कमध्ये व्यायामशाळांत झालेल्या स्टेरॉइडच्या तपासणीत दोषी आढळलेल्या ५४५ पुरुषांचा माग काढला असता त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण समवयस्क पुरुषांच्या सुमारे तिप्पट निघाले. अशा अभ्यासांत इतर सवयींचा वाटा पूर्णपणे वेगळा काढता येत नाही, हे मान्य करायलाच हवे. तरीही ‘मला दहा वर्षांत काही झाले नाही’ या वाक्याचे वजन किती, हे यावरून कळते. ते वाक्य बोलणाऱ्याने आपल्या हृदयाचे चित्रण करून घेतलेले असतेच असे नाही. शिवाय ज्यांना काही झाले ते या चर्चेत राहत नाहीत. कोणी आजारी पडून बाहेर पडतो, कोणी खजील होऊन, कोणी मरतो. उरलेल्यांच्या अनुभवांची बेरीज करून जे शहाणपण तयार होते, त्यात बुडालेल्यांचा हिशेब नसतो.

म्हणून माझी विभागणी अशी आहे : जे जाणवते त्याबाबत अनुभवी माणसाने बोलावे, अगदी सविस्तर बोलावे, जे जाणवत नाही त्याबाबत त्याने फक्त मोजायला सांगावे. रक्तदाब घरी मोजता येतो. रक्तातील चरबी, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), यकृताची आणि मूत्रपिंडांची स्थिती तपासता येते. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला आहे का, हे आईवडिलांना विचारता येते. गोळीच्या स्वरूपातील बहुतेक स्टेरॉइडच्या रेणूत यकृताने ती लगेच मोडू नयेत म्हणून बदल केलेला असतो आणि त्याचा भुर्दंड यकृतालाच बसतो, त्यामुळे इंजेक्शनच्या भीतीपोटी ‘साध्या गोळ्या’ निवडणारा नवखा माणूस सौम्य पर्याय निवडत नसतो. हे सांगायला हवे. अपत्य हवे असेल तर काय पणाला लागते, हेही. मात्रेच्या सल्ल्याला मात्र आणखी एक साधी अडचण आहे. बाटलीवर जे लिहिले आहे तेच बाटलीत आहे, असे गृहीत धरल्याशिवाय मिलिग्रॅमला अर्थच नाही. काळ्या बाजारातील मालाच्या तपासण्यांत लिहिलेल्यापेक्षा कमी किंवा जास्त औषध, भलतेच औषध किंवा औषधच नसणे, हे सगळे प्रकार वारंवार सापडले आहेत. आतले द्रव काय हे माहीत नसताना आठवड्याला किती घ्यावे यावर दोन जाणकार तावातावाने वाद घालतात तेव्हा दोघेही हवेत गणित मांडत असतात.

रक्ततपासणीचा सल्लाही दुधारी आहे, ही गोष्ट हानी-न्यूनीकरणाचे समर्थक पुरेशी बोलत नाहीत. अहवाल बरा आला की तो परवाना समजला जातो. धमनीत साचणारा थर नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही आणि हृदयाची ढकलण्याची ताकदही त्यात कळत नाही. वाईट आकडा आला तर थांबण्याचे कारण मिळते. चांगला आकडा आला तर फक्त ‘आज मोजले त्यात काही सापडले नाही’ एवढेच कळते. तपासणी सुचवणाऱ्याने हे दुसरे वाक्य गिळून टाकू नये.

काही पदार्थांच्या बाबतीत तर हानी कमी करण्याची भाषाच गैरलागू होते. चरबी उतरवण्यासाठी याच वर्तुळात फिरणारे डायनायट्रोफिनॉल हे रसायन १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन घटवण्यासाठी विकले गेले, आणि मृत्यू व मोतीबिंदूच्या घटनांनंतर १९३८ साली त्याचा औषध म्हणून वापर बंद झाला. ते पेशींमधील ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवते, शरीराचे तापमान वाढत जाते आणि त्यावर उतारा नाही. उपयोगी आणि प्राणघातक मात्रेत अंतर इतके थोडे आहे की ‘सुरक्षित वापर’ शिकवणारा माणूस जे मुळात नाही ते असल्याचा भास निर्माण करतो. मधुमेह नसताना स्नायूंसाठी इन्सुलिन टोचणे हेही त्याच जातीचे. चूक झाली तर मेंदूला साखर मिळेनाशी होते आणि दुरुस्तीला वेळ उरत नाही. येथे एकच सल्ला प्रामाणिक आहे आणि तो नकाराचा आहे.

तसाच नकार मला अल्पवयीन मुलांच्या बाबतीत योग्य वाटतो. वाढ पूर्ण होण्याआधी ही औषधे घेतली तर हाडांची टोके वेळेआधी जुळून उंची खुंटू शकते, आणि ते परत फिरवता येत नाही. स्त्रियांच्या आवाजात येणारा घोगरेपणाही औषध थांबवल्यावर पूर्वपदावर येईल याची खात्री नसते. त्यामुळे विचारणारा कोण आहे हे ठाऊक नसताना दिलेला सरसकट सल्ला, तो कितीही अभ्यासपूर्ण असला तरी, चुकीच्या माणसाच्या हाती पडू शकतो. पडद्याआडच्या माणसाने वय पंचवीस सांगितले म्हणजे ते पंचवीस असतेच असे नाही.

‘माझे ठरले आहे’ या शब्दांकडेही जरा संशयाने पाहिले पाहिजे. ज्याचे खरोखर ठरलेले असते तो बहुधा विचारत नाही. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाद नको असतो, म्हणून ते आधीच दार लावून घेतात. आत मात्र धाकधूक असते. काहींच्या बाबतीत प्रश्न औषधाचा नसतोच. आपले शरीर भरदार असूनही ते किरकोळ वाटणे, हा एक मानसिक विकार आहे; १९९० च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याचे वर्णन केले आणि त्याला मसल डिस्मॉर्फिया हे नाव मिळाले. अशा माणसाला दहा किलो स्नायू मिळाले तरी त्याचा आरसा समाधानी होणार नाही. त्याला सायकलचे वेळापत्रक देणारा माणूस प्रश्नाचे उत्तर देत असतो, पण विचारणाऱ्याकडे पाहत नसतो. “आत्ताच का?” एवढे विचारले तरी पुष्कळदा संभाषणाची दिशा बदलते.

सल्ला दिल्याने वापर रूढ होतो, नवख्याला तो सर्वांचाच रस्ता वाटू लागतो, हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. चार अनुभवी माणसे शांतपणे, आकडेमोड करत बोलत असली की ऐकणाऱ्याला धोका आवाक्यात आल्यासारखा वाटतो. त्यांचा सूरच जाहिरात ठरतो. मात्रेच्या चर्चेला हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो, सुईच्या चर्चेला फारच थोडा. आणि थांबण्याविषयीच्या चर्चेला तो लागूच होत नाही.

ही शेवटची चर्चा सर्वांत कमी होते. औषध थांबते त्या दिवशी बाहेरचा पुरवठा कमी होऊ लागतो, पण आतला नळ लगेच उघडत नाही. मधल्या आठवड्यांत, कधी महिन्यांत, माणूस दोन्हीकडून कोरडा असतो. थकवा येतो, कामेच्छा जाते, कमावलेले स्नायू डोळ्यांदेखत उतरतात, आणि काहींना इतके नैराश्य येते की जगण्याची इच्छा उरत नाही. यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पुन्हा टोचणे. ‘दोन महिन्यांपुरते’ म्हणून सुरू केलेली गोष्ट अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालते, त्यामागे लोभापेक्षा ही उतरण अधिक असते. अनुभवी माणसाच्या तोंडी सर्वांत मोलाचे ज्ञान कुठले असेल तर ते या काळाचे : हे असे होते, मलाही झाले होते, ते उतरते, एकट्याने काढू नको, घरात एकाला तरी सांगून ठेव, आणि संप्रेरकतज्ज्ञाकडे जाताना काय घेतले, किती काळ घेतले, ते लपवू नको.

डॉक्टरांनी दार उघडे ठेवले तर काय होते, याचे एक उदाहरण नेदरलँड्समधील हार्लेम शहरात आहे. तेथे स्टेरॉइड वापरणाऱ्यांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालवणाऱ्या डॉक्टरांनी १०० पुरुषांच्या सायकलचा वर्षभर पाठपुरावा केला. औषधे डॉक्टरांनी दिली नव्हती. माणसे स्वतःच्या निर्णयाने घेत होती आणि डॉक्टर मोजत होते. ज्या ३१ जणांच्या हृदयाचे चित्रण झाले, त्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता सायकलच्या काळात सुमारे पाच टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि औषध सोडल्यावर काही महिन्यांनी केलेल्या तपासणीत ती मूळ पातळीवर परतलेली आढळली. यातला कोणताही बदल त्या पुरुषांना आरशात दिसला नसता, आणि परतीची वाट कुठवर उघडी असते, हेही कोणाच्या आठवणींतून कळले नसते.